फोटो पाहणारा संगणक, रोगी पाहणारा डॉक्टर

गेल्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात एक नवेच वाक्य ऐकू येऊ लागले आहे. "डॉक्टर, आम्ही मोबाईलला विचारून आलोय." पूर्वी रोगी शेजाऱ्याला, औषध दुकानदाराला किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारून येत. आता रक्ताचा रिपोर्ट, ईसीजीची पट्टी, छातीचा फोटो असे सर्व काही मोबाईलला दाखवले जाते आणि मिनिटभरात शुद्ध मराठीत उत्तर मिळते.

या प्रकाराला हसण्याचे कारण नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला आपण सर्रास 'एआय' म्हणतो, ती रोगनिदानाच्या कामात खरोखरच उतरली आहे आणि तिचा उपयोगही होतो. मात्र एआय या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीची यंत्रे येतात. त्यांच्यातला फरक माहीत नसेल, तर घात होऊ शकतो. हा फरक मला दोन रुग्णांमुळे चांगलाच कळला. पहिल्या रुग्णाच्या बाबतीत यंत्राने माझी चूक दाखवून दिली. दुसऱ्याच्या बाबतीत यंत्रावर विसंबल्यामुळे एका कुटुंबाचा महिना वाया गेला.

यंत्राने दाखवलेली चूक

शिवणकाम करणाऱ्या एक चाळिशीच्या बाई माझ्याकडे अशक्तपणाची तक्रार घेऊन येत असत. "अंगात त्राण नाही, वजन उतरलंय," एवढेच सांगत. ताप नाही, खोकला नाही. हिमोग्लोबिन कमी होते, म्हणून मी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने त्या गोळ्या घेत राहिल्या.

पुढे आमच्या भागात क्षयरोग तपासणीचे शिबिर झाले. शाळेच्या एका वर्गखोलीत बॅटरीवर चालणारे, हातात धरता येईल एवढे छोटे क्ष-किरण यंत्र लावले होते. बाईंनी सहज म्हणून फोटो काढून घेतला. फोटो निघताच शेजारच्या लॅपटॉपमधील प्रोग्रॅमने डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर रंगाची खूण केली आणि संशयाचा आकडा दाखवला. लगेच थुंकी तपासायला पाठवली गेली. त्यात क्षयाचे जंतू सापडले. बाईंना सकाळी थोडा बेडका पडत असे, पण "तो तर सगळ्यांनाच पडतो" म्हणून त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. ती चूक माझी होती.

अशी चूक होते कारण क्षयाचे अनेक रोगी खोकतच नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. केवळ लक्षणे विचारून थांबले असते आणि छातीचा फोटो काढला नसता, तर त्या पाहणीतील ४२.६ टक्के रोगी सुटून गेले असते. म्हणजे शंभरातले बेचाळीस! गावोगावी फोटो काढता येतील, पण ते वाचायला तितके क्ष-किरण तज्ज्ञ आणायचे कोठून? या अडचणीवर संगणकाचा इलाज निघाला. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी छातीचा फोटो संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. असे प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांत २०१६ साली मुंबईत सुरू झालेली 'क्युअर डॉट एआय' ही कंपनीही आहे.

मोबाईलने दिलेला दिलासा

आता दुसरा अनुभव. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आहेत. त्यांना आपण तात्या म्हणू. वय सहासष्ट, दहा वर्षांचा मधुमेह. तीन आठवडे खोकला हटेना, तेव्हा मी छातीचा फोटो काढायला सांगितले. फोटो काढून झाला. फिल्म लगेच मिळाली, लेखी रिपोर्ट मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. मुलाने घरी येऊन फिल्म खिडकीशी धरली, मोबाईलने तिचा फोटो काढला आणि गप्पा मारणाऱ्या एका एआय प्रोग्रॅमला विचारले, "यात काय दिसते?"

उत्तर आले, फुप्फुसे स्वच्छ दिसतात, घशाची किंवा श्वासनलिकेची साधी सूज असावी, वाफ घ्यावी, कोमट पाणी प्यावे. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रिपोर्ट आणायला कोणी गेलेच नाही.

महिन्याने तात्यांच्या बेडक्यात रक्त आले, तेव्हा ते माझ्याकडे परत आले. रिपोर्ट तेवढे दिवस लॅबमध्ये पाकिटात पडून होता. त्यात लिहिले होते की उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे, थुंकी तपासावी. तपासली, क्षय निघाला. त्या महिनाभरात तात्यांची तीन वर्षांची नात रोज त्यांच्याच अंथरुणात झोपत होती.

मुलगा माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. "डॉक्टरसाहेब, मी बापाचं वाईट व्हावं म्हणून केलं नव्हतं हो," तो म्हणाला. मी त्याच्याकडून तो मोबाईलवरचा फोटो मागून घेतला. खिडकीचा उजेड फिल्मवर पडून नेमका वरचा कोपरा पांढरा झाला होता. मोठ्या माणसांतला क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाशीच घर करतो, आणि तेच टोक त्या फोटोत नव्हते. प्रोग्रॅमने जे दिसले त्यावर उत्तर दिले. जे दिसत नाही त्याची तक्रार त्याने केली नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून एक प्रयोग केला. माझ्याकडच्या दिव्याच्या पेटीवर फिल्म लावून नीट फोटो काढला आणि त्याच प्रोग्रॅमला पुन्हा विचारले. या वेळी त्याने उजवीकडे डाग असल्याचे सांगितले. तोच फोटो तिसऱ्यांदा दाखवला, तर त्याने डाग डावीकडे असल्याचे सांगितले! प्रत्येक वेळी भाषा तितकीच ठाम होती. पहिल्या उत्तराच्या तळाशी 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' अशी एक ओळ होती, हेही नमूद केले पाहिजे. पण दिलासा मिळाल्यावर तळाची ओळ कोण वाचतो?

दोन यंत्रे, दोन जाती

शिबिरातले यंत्र आणि मोबाईलमधले यंत्र, दोन्ही एआयच. मग एकाने रोग पकडला आणि दुसऱ्याने सोडला, असे का?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीर न कापता आत डोकावता येऊ लागले. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सिटी स्कॅन झाले. तेव्हापासून शरीराचे चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता बनला. संगणकाच्या दृष्टीने छातीचा फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके आणि प्रत्येक ठिपका किती काळा वा पांढरा आहे हे सांगणारा एक आकडा.

शिबिरातल्यासारखे यंत्र तयार करताना त्याला हजारो, लाखो फोटो दाखवतात आणि प्रत्येकासोबत तज्ज्ञाचे उत्तरही देतात. यात रोग आहे, यात नाही. सुरुवातीला यंत्र चुकते. चुकले की त्याच्या आतली गणिते थोडी बदलली जातात. असे लक्षावधी वेळा घडल्यावर रोग असलेल्या चित्रातली आकड्यांची ठेवण त्याच्या अंगवळणी पडते. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बिघाड ओळखणारी यंत्रणा अशीच घडवली. तिला शिकवण्यासाठी सुमारे १ लाख २८ हजार चित्रे वापरली गेली आणि त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील रुग्णालयांची चित्रेही होती. अशा यंत्राला एकच काम येते. त्याचे काम मोजता येते. शंभर रोग्यांपैकी किती पकडले, शंभर निरोग्यांपैकी किती जणांना उगाच घाबरवले, हे तपासूनच त्याला परवानगी मिळते. त्याला पुढची पायरीही ठरवून दिलेली असते. शिबिरातल्या यंत्राने संशय घेतला आणि निर्णय थुंकीच्या तपासणीने दिला. त्यासाठी आज सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीची ट्रूनॅट अशी यंत्रे आपल्या सरकारी रुग्णालयांतून वापरली जातात.

मोबाईलमधले यंत्र दुसऱ्या जातीचे. ते सर्वसाधारण आहे, म्हणजे एका कामासाठी बांधलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून ही जात घरोघर पोहोचली. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज करण्यास त्याला शिकवलेले असते. पुढे चित्रेही त्याच पद्धतीने शिकवली गेली. म्हणून ते कविता करते, हिशेब करते, अर्ज लिहून देते आणि छातीचा फोटोही पाहते. बोलणे अस्खलित असल्यामुळे त्याला सगळे येते असा आपला समज होतो. पण भाषेचा सफाईदारपणा आणि निदानाचा अचूकपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही. उत्तर माहीत असो वा नसो, त्याची वाक्ये सारखीच घोटीव असतात. शिवाय अंदाजाने शब्द निवडत असल्यामुळे त्याच प्रश्नाला दोनदा दोन उत्तरे येऊ शकतात. आम्ही केलेल्या प्रयोगात नेमके हेच झाले.

सर्वसाधारण यंत्राचे गुण

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हे यंत्र दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवावे. तसे करणे शहाणपणाचे होणार नाही. एकेका रोगासाठी एकेक यंत्र घडवायचे म्हटले, तर हजारो यंत्रे लागतील. क्षय शोधणाऱ्या यंत्राला बरगडीचा मोड दिसेलच असे नाही. माणूस डॉक्टर मात्र फोटो, जुना फोटो, रक्ताचा रिपोर्ट आणि रुग्णाची हकीकत हे सारे एकत्र पाहतो. हे एकत्र पाहणे यंत्राला जमावे, यासाठी आता जगभर खटपट चालू आहे.

लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील चित्रे घेऊन २०२३ मध्ये 'रेटफाउंड' नावाचे मॉडेल प्रसिद्ध झाले. त्याला आधी डोळ्याच्या पडद्याची सोळा लाख चित्रे उत्तरांशिवाय दाखवली गेली. पडदा कसा असतो एवढेच ते त्यातून शिकले. मग थोड्या उत्तरांच्या आधारे त्याला निरनिराळे रोग ओळखायला शिकवता आले. त्यांत डोळ्याच्या रोगांबरोबर हृदयविकाराचा धोकाही होता. पाया एक आणि त्यावर खोल्या अनेक, असा हा प्रकार आहे. २०२५ मध्ये गूगलने 'मेडजेमा' नावाची मॉडेले खुली केली. ती मजकूर आणि वैद्यकीय चित्रे दोन्ही वाचतात. मात्र तपासून घेतल्याशिवाय ती थेट रुग्णाच्या उपचारासाठी वापरू नयेत, असे खुद्द कंपनीनेच बजावले आहे.

तज्ज्ञाच्या हाताखाली या यंत्रांचा उपयोग पुष्कळ होतो. रिपोर्टचा कच्चा मसुदा तयार करणे, मागच्या वर्षीच्या रिपोर्टशी तुलना करून देणे, जाडजूड केस पेपरचा सारांश काढणे, इंग्रजी रिपोर्ट रुग्णाच्या भाषेत समजावणे ही कामे ती करू शकतात. एमआरआयच्या बोगद्यात रुग्णाला पडून राहावे लागते तो वेळही संगणकाच्या मदतीने कमी करता येतो.

स्वीडनमधील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तिथे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा फोटो सहसा दोन तज्ज्ञ वाचतात. ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाचे फोटो नेहमीप्रमाणे दोघांनी वाचले. दुसऱ्या गटात संगणकाने आधी चाळणी केली. धोका कमी वाटला ते फोटो एका तज्ज्ञाकडे गेले आणि धोका जास्त वाटला ते दोघांकडे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाच्या गटात २४४ कर्करोग सापडले, नेहमीच्या गटात २०३. तज्ज्ञांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. हे यंत्र मात्र याच एका कामासाठी घडवलेले होते आणि एकही फोटो माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय राहिला नाही.

यंत्र कोठे फसते

यंत्राच्या चुका माणसासारख्या नसतात, म्हणून त्या लवकर ध्यानात येत नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमची तपासणी झाली. फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे तो जवळजवळ अचूक ओळखत होता आणि त्याचा आधार अंदाजासाठी घेऊ शकत होता. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी जास्त, तिथला फोटो दिसला की संशय जास्त. बाहेरच्या रुग्णालयाचे फोटो दिल्यावर त्याची कामगिरी बऱ्याचदा घसरली. परीक्षेत प्रश्न न वाचता मास्तरांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखणाऱ्या मुलासारखा हा प्रकार झाला.

थायलंडमध्ये डोळे तपासणारे यंत्र खेड्याशहरांतल्या ११ दवाखान्यांत नेले, तेव्हा वेगळीच अडचण आली. प्रयोगशाळेत उत्तम चालणाऱ्या त्या यंत्राने पाचातले एक चित्र पुरेसे स्पष्ट नाही म्हणून नाकारले, कारण खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. पण त्या यंत्राचा एक गुण लक्षात घ्या. चित्र चांगले नसेल तर ते 'मला दिसत नाही' असे म्हणत होते. तात्यांच्या मुलाला हे वाक्य ऐकायला मिळाले असते, तर त्याने रिपोर्ट आणला असता.

सर्वसाधारण यंत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेत ती उत्तम गुण मिळवतात. अमेरिकेतील डॉक्टरांच्या परवाना परीक्षेसारख्या प्रश्नांत गूगलच्या एका मॉडेलने २०२३ मध्ये ८६.५ टक्के गुण मिळवले. पण परीक्षेतल्या प्रश्नात सगळी माहिती नीट मांडून दिलेली असते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १,२९८ सामान्य माणसांना आजारपणाचे काही काल्पनिक प्रसंग देऊन यंत्राला विचारायला सांगितले. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आले. तोच प्रसंग यंत्राला थेट वाचायला दिला, तर सुमारे ९५ टक्के वेळा त्याला आजार ओळखता आला. माणसांनी त्याच यंत्राशी बोलून आजार ओळखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा यश ३५ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. माणसे महत्त्वाची गोष्ट सांगायची विसरतात आणि ती काढून घेण्याची हातोटी यंत्राला अजून साधलेली नाही. तात्यांच्या मुलाने मधुमेहाचा उल्लेख केला नव्हता. मधुमेह आणि तीन आठवड्यांचा खोकला हे दोन शब्द एकत्र ऐकले, की कोणाही डॉक्टरच्या डोक्यात क्षयाची शंका येते.

डॉक्टरही फसतो

आता माझ्या व्यवसायबंधूंविषयी. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन या शास्त्रज्ञाने सांगितले होते की नवे क्ष-किरण तज्ज्ञ शिकवणे आता थांबवायला हवे, पाचएक वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, पण ते भाकीत खरे ठरले नाही. क्ष-किरण तज्ज्ञांची गरज आजही आहे. खरा धोका दुसरीकडे आहे. यंत्र जवळ असले, की डॉक्टरची नजर आळसावते.

जर्मनीतील एका अभ्यासात २७ क्ष-किरण तज्ज्ञांना स्तनांचे फोटो वाचायला दिले आणि सोबत एआयचे मत म्हणून काही सूचना दिल्या. काही सूचना मुद्दाम चुकीच्या होत्या. सूचना बरोबर असताना नवशिक्या तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर आली. सूचना चुकीची असताना ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. अनुभवी तज्ज्ञांचेही ८२ वरून ४५ टक्क्यांवर घसरले. हा अभ्यास २०२३ चा आहे. २०२५ मध्ये पोलंडमधून आणखी एक इशारा आला. तेथे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर काही महिने एआयची मदत घेत होते. त्यानंतर मदतीशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलेले आढळले. न वापरलेली कोयती गंजते, तसेच नजरेचे आहे. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. फोटो आधी स्वतः पाहायचा, मत कागदावर लिहायचे, मगच यंत्राचे मत पाहायचे.

कायदा काय सांगतो?

मार्च २०२० मध्ये आपल्या देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते, निर्णय नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यामागचे कारण साधे आहे. चूक झाली, तर उत्तरदायी कोण? डॉक्टरला जाब विचारता येतो. मोबाईलमधल्या आवाजाला कोण विचारणार?

आपण काय करावे?

वाचकांसाठी काही सूचना देतो. त्या कात्रण करून ठेवल्या तरी चालतील.

१. रिपोर्टमधील अवघड शब्दांचा अर्थ मोबाईलला जरूर विचारा. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, याची यादीही करून घ्या. या कामासाठी तो चांगला सोबती आहे.

२. एक्स-रे, सिटी स्कॅन, एमआरआय किंवा ईसीजीचा मोबाईलने काढलेला फोटो दाखवून निदान मागू नका. फिल्मवरची चकाकी, कापलेली कड, हललेला हात यांत रोग लपतो. सिटी आणि एमआरआयमध्ये तर शेकडो चित्रे असतात. त्यांतल्या एका चित्रावरून कोणीच काही सांगू नये.

३. 'काही नाही' हे यंत्राचे उत्तर म्हणजे सुटका नव्हे. 'कर्करोग असू शकतो' हे उत्तर म्हणजे शिक्षाही नव्हे. दोन्ही उत्तरांनंतर पायरी एकच. लेखी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.

४. यंत्राच्या सांगण्यावरून चालू औषध बंद करू नका, मात्रा बदलू नका, नवे औषध आणू नका. मधुमेह, रक्तदाब, फिट्स आणि हृदयरोग असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. रिपोर्टवरील नाव, पत्ता, फोन नंबर झाकल्याशिवाय तो कोणत्याही प्रोग्रॅमला देऊ नका. एकदा गेलेला कागद परत येत नाही.

६. रुग्णालयात 'रिपोर्ट संगणकाने पाहिला' असे सांगितले, तर दोन प्रश्न विचारा. हे यंत्र कोणत्या रोगासाठी आहे? आणि रिपोर्टवर सही कोणत्या डॉक्टरांची आहे? हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

७. जुने फोटो आणि रिपोर्ट टाकून देऊ नका. नवा डाग आणि जुना व्रण यांतला फरक जुन्या फोटोमुळेच कळतो. हे माणसाला जितके लागू, तितकेच यंत्राला.

८. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त यांपैकी काहीही असेल, तर मोबाईल बाजूला ठेवा आणि सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी आणि क्षयाचा उपचार सरकारी यंत्रणेत मोफत आहे. शिबिरात फोटो काढण्याची संधी मिळाली, तर तक्रार नसली तरी ती सोडू नका.

शेवटी त्या दोन रुग्णांविषयी. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सहा महिन्यांचा उपचार पुरा केला आणि त्यांचे वजन सहा किलोने वाढले. तात्यांचा उपचार चालू आहे, खोकला थांबला आहे. नातीची तपासणी केली. तिला रोग झालेला नव्हता, म्हणून तिला प्रतिबंधक औषध सुरू केले आहे. दर महिन्याला मुलगा दोघांना घेऊन येतो. गेल्या खेपेला त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मोबाईलला विचारून त्याने मला विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती. नातीचे औषध किती दिवस, तात्यांची साखर किती असावी, पुढचा फोटो कधी. सातही प्रश्न नेमके होते. आठवा त्याने स्वतःच्या हाताने खाली लिहिला होता, "रिपोर्ट आज मिळेल की उद्या? मी थांबतो."

पुढील आठवड्यात : मधुमेही व्यक्तींनी पायांची काळजी कशी घ्यावी?